कॉलेजचं बोलावणं

सेहेचाळीस सालच्या दिवाळीच्या सुटीतल्या त्या रविवारी पाडळवाडीच्या पाटलांच्या सोप्यात सकाळपासून जी धांदल उडाली होती, ती सगळी एका लिफाफ्यापायी. पुण्याहून टपालानं तो जाड लिफाफा आला त्याला अकरा दिवस झाले होते, आणि या अकरा दिवसांत गावातल्या ज्या ज्या माणसाला वाचता येत नव्हतं त्या प्रत्येकाला लालासाहेब पाटलांनी तो दाखवला होता. आत गुळगुळीत कागदाचं इंग्रजी पुस्तक होतं. वर दगडी इमारतीचं चित्र होतं. पाटलांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण चित्र बघून त्यांनी सगळा अर्थ लावून टाकला होता.

“कॉलेजनं सोताहून बोलावनं धाडलंय नानासोला,” ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. “पाटलाचं पोर म्हटल्यावर त्यास्नी बी गरज असतीच की.”

नानासो म्हणजे त्यांचा एकुलता एक. साताऱ्याच्या हायस्कुलात शिकत होता, म्हणजे तिथे त्याचं नाव होतं. मॅट्रिकला एकदा आपटला होता आणि आता मार्चमध्ये पुन्हा बसायचा होता. ते पुस्तक त्यानंही चाळलं होतं. त्याला ते वाचता आलं नाही, की वाचून तो गप्प राहिला, हे राहीबाईला कळलं नव्हतं. दोन्हीकडून लाजच निघत होती, म्हणून तिनं त्यावर डोकं शिणवलं नाही.

राहीबाई पाटलांची थोरली बहीण. विसाव्या वर्षी नवरा गेला तशी माहेरी आली आणि गेली पस्तीस वर्षं या घरातली बाळंतपणं, पाचव्या आणि बारशी तिच्याच हातून झाली. तिला अक्षर येत नव्हतं, आणि भावाची भीडही नव्हती. आज ती उंबऱ्याला टेकून कुळीथ निवडत बसली होती आणि सोप्यातला तमाशा बघत होती.

मधोमध नानासो हात पसरून उभा होता आणि शिंपी त्याच्या छातीला टेप लावत होता. कॉलेजचा कोट शिवायचा होता.

“अडतीस,” शिंपी म्हणाला.

“चाळीसचा शीव,” पाटील म्हणाले. “कॉलेजात छाती फुगतीया.”

राहीबाईनं कुळथातला खडा काढून अंगणात भिरकावला. मॅट्रिकचा पत्ता नाही आणि निघाले कोट शिवायला! पण कोट परवडला, असली ती पेटी होती. पाटीलकीचं दप्तर गेली वीस वर्षं ज्या लोखंडी पेटीत असायचं, ती रिकामी करून विट्याहून निळी रंगवून आणली होती. झाकणावर पांढऱ्या अक्षरांत ‘एन. एल. पाटील, बी. ए.’ असं लिहून घेतलं होतं. रंगारी बिचारा म्हणाला होता की अजून झाले नाहीत ना बी. ए.? तर लालासाहेबांनी त्यालाच वेड्यात काढलं. झाल्यावर पुन्हा पेटी उचलून कोण आणणार होतं? पेटीतलं दप्तर मात्र पाटलीणबाई धोंडुबाईंनी जुन्या लुगड्यात बांधलं आणि “वन्सं, ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं,” म्हणून राहीबाईच्या खोलीत वाकळांच्या चळतीखाली सारलं. पाटलांना पेटीचा रंग कळला होता. दप्तर कुठं गेलं हे विचारायची त्यांना आठवण झाली नव्हती.

घरातली सगळी जमली होती. धाकटा भाऊ नाथाजी रानातून येऊन भिंतीला टेकला होता. आतल्या दाराआड बनाबाई उभी होती. पदर पार हनुवटीपर्यंत. ती मधल्या भावाची, आकारामची बायको. आकाराम पलटणीत हवालदार होता आणि चव्वेचाळीस साली इटलीत पडला. त्याचा एकच मुलगा, कृष्णात. तोही नानासोबरोबर साताऱ्याला, त्याच वर्गात. नानासो वाटेत जागोजाग मुक्काम करत गेला, म्हणून तीन वर्षांनी धाकट्या कृष्णातनं त्याला गाठलं होतं.

“आता बेत आयका,” पाटील लोडाला टेकून म्हणाले. “जूनमदी नानासो पुण्याला जानार. वकील हुनार. पर त्याला खानावळीचं सोसत न्हाई.”

“पोट नाजूक हाय वो त्याचं,” धोंडुबाई म्हणाल्या. नानासोचं ते नाजूक पोट त्या वेळी शिंप्याच्या टेपात मावत नव्हतं.

“तवा त्याच्यासंगं घरचं मानूस पायजे. भाकरी थापाया, कापडं धुवाया. ह्यो कृष्णात जाईल. आता त्याची शाळा पुरं. मॅट्रिकचा फारम काय भरायचा न्हाई त्याचा. सुटीत आईकडनं भाकऱ्या शिकून घेऊ दे.”

कृष्णात खांबाजवळ उभा होता. वर्गात पहिला-दुसरा येणारं पोर. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं राहीबाईनं बघितलं आणि तिच्या हातातलं सूप थांबलं.

“काका,” तो म्हणाला, “मला शेतकी कॉलेजला जायचं हाय. गनित आन् सायन्सला चांगलं मार्क पडलं तर घेत्यात तितं.”

“शेतकी?” पाटील हसले. “आरं, शेत घरात हाय. त्ये शिकाया पुण्याला कशाला जातोस? नाथाजी, तू गेलतास का रं पुण्याला ऊस लावाया शिकाया?”

नाथाजी हसला. थोरला भाऊ हसला की हसायचं, ही त्याची जन्माची सवय.

“लाला,” राहीबाई म्हणाली, “वकील हुनाऱ्याला भाकरी करता येत न्हाई, आन् भाकरी करनारा वकील हुईल त्याची तुला धास्ती. आसंच ना?”

“आक्का, तुला यातलं कळतंय का काय?”

“यातलं न्हाई कळत. तुझ्यातलं कळतंय.”

पाटलांनी तोंड फिरवलं. बहिणीशी भांडून आजवर त्यांच्या हाती काही लागलं नव्हतं. पण एवढ्यानं बेत बदलणार नव्हता, हे तिलाही माहीत होतं. घर त्यांचं, शब्द त्यांचा आणि शाळेत पालक म्हणून सही त्यांची. बनाबाईच्या बांगड्या दाराआड एकदा वाजल्या आणि गप्प झाल्या. राहीबाईला तिचा राग आला. स्वतःचं पोर दुसऱ्याच्या चुलीपुढं बसवायला निघालेत, आणि ही बाई पदर सावरतेय!

दुपारी कऱ्हाडकडून येणारी सर्व्हिस गाडी फाट्यावर थांबली आणि छत्री काखेत मारून जंगम मास्तर बांधाबांधानं घरी आले. साताऱ्याच्या बोर्डिंगची पोरं यांच्या देखरेखीखाली असत. माणूस वाळका, आवाज मोठा. पाटलांना वाटलं मास्तर अभिनंदनाला आले. त्यांनी चहा सांगितला आणि लिफाफा मास्तरांच्या पुढ्यात ठेवला.

“अरे वा, आलं का!” मास्तर खूश झाले. “कृष्णात, बाकीच्या दोन कॉलेजांचं काय झालं? त्यांनी नाही पाठवलं अजून?”

कृष्णातनं मान खाली घातली; काकांच्या बढाईपुढं खरं सांगायचं धाडस त्याला अकरा दिवस झालं नव्हतं.

“कृष्णातचं काय त्यात?” पाटलांनी विचारलं.

“हे माहितीपत्रक आहे, पाटील. कोणता अभ्यासक्रम आहे, प्रवेशाला काय लागतं, सगळं यात छापलेलं असतं. कार्ड टाकलं की कुणालाही पाठवतात. कृष्णातनं तीन ठिकाणी कार्डं टाकली होती, पत्ते मीच दिले. हे बघा की नाव. के. ए. पाटील. कृष्णात आकाराम.” मास्तरांनी लिफाफ्यावर बोट ठेवलं. “चांगला मुलगा पुढचा विचार आधी करतो. बाकीच्यांना जूनमध्ये जाग येते.”

नाथाजी आधी गालात हसला, मग त्याला आवरेना. या वेळी थोरला भाऊ हसत नव्हता, तरी तो हसत होता. शिंप्यानं मान खाली घालून टेप गुंडाळायला घेतला. राहीबाईला इतकं बरं वाटलं की तिनं मास्तरांच्या चहात पुन्हा दूध घालायला सांगितलं. अकरा दिवस गावभर मिरवलेलं बोलावणं! उद्या पाणवठ्यावर हेच.

“मी दुसऱ्याच कामाला आलोय,” मास्तरांनी पिशवीतून एक छापील कागद काढला. “युद्धात पडलेल्या जवानांच्या मुलांना कॉलेजात शिकण्यासाठी मदत मिळणार आहे. फी, राहणं, पुस्तकं, सगळं. अर्ज शाळेमार्फत या आठवड्यात जायला हवा. त्यावर पालकांची सही पाहिजे. आणि एक अडचण आहे. पुढच्या जूनला मुलगा अठरापेक्षा मोठा नसावा अशी अट आहे, आणि शाळेच्या दाखल्यावर कृष्णात आत्ताच एकोणीस वर्षांचा आहे.”

“मग संपलं की,” पाटील लगेच म्हणाले. “मोठा हाय त्यो. काय करनार?”

“मला ते पटत नाही, पाटील. पोराला अजून मिसरूड फुटलेलं नाही.” मास्तरांची नजर नानासोवर गेली. नानासोला चांगल्या झुपकेदार मिशा होत्या आणि त्या दिवशी सकाळीच त्यानं गाल तासले होते. “आणि दाखल्यावर हे सोळा वर्षांचे आहेत.”

राहीबाईनं सूप खाली ठेवलं. नानासो वैशाखातला, उन्हानं भुई भाजत होती तेव्हाचा. त्यानंतर तिसऱ्या वर्षी मार्गशीर्षात कृष्णात. दोघांची नाळ तिनं कापली होती. कोण थोरलं आणि कोण धाकटं, हे तिला कुणी कागद बघून सांगायची गरज नव्हती.

“लाला,” ती म्हणाली, “ह्ये उलटंपालटं कुनी केलं?”

“कारकुनाची चूक आसंल.”

“दोघांच्याबी तारखा चुकल्या? आन् चुकून बरूबर एकमेकांच्या जागी जाऊन बसल्या?”

पाटलांनी टोपी काढून पुन्हा घातली. ती खादीची टोपी त्यांच्या डोक्यावर याच वर्षी आली होती. त्याआधी लढाईत सरकारला गावातली तेवीस पोरं भरून दिल्याची सनद सोप्यात मधोमध लटकत असे. पत्री सरकारच्या धाकानं हेच पाटील दोन वर्षं कडब्याच्या गंजीआड झोपले, पण सनद काही उतरवली नाही. यंदा वारं फिरलं तशी ती कणगीमागं गेली. टोपी त्यांना जराशी मोठी होत होती.

पाटलांनी तोंड उघडायच्या आत धोंडुबाईच बोलल्या. त्यांना वाटलं नवऱ्याची बाजू सावरावी.

“आवं वन्सं, यांनी इचार करूनच घातल्या त्या. त्रेचाळीस साली साताऱ्याला नावं घालाया गेलं तवा. नानासोला सोळावं लागलं हुतं, साहेब म्हनला आसता पाटील, पैलं तुमचं पोर द्या भरतीला. मग काय करायचं? कृष्णातचं वय त्याला दिलं आन् त्याचं कृष्णातला. म्हून तर वाचला माझा लेक!”

“गप बस!” पाटील ओरडले. पण सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं.

आता राहीबाईला एकेक आठवायला लागलं. पंचेचाळीसच्या फाल्गुनात, आकाराम पडल्याची तार येऊन चार महिने होत नाहीत तोच, लालासाहेब या पोराला भरतीच्या कॅम्पावर घेऊन गेले होते. बापाच्या जागी लेक, घराण्याची रीत, असं काय काय बोलले होते. पंधरा वर्षांचं पोर, कागदावर अठराच्या घरातलं. छाती भरेना म्हणून साहेबानं परत पाठवलं, तेव्हा घरी येऊन त्यालाच शिव्या दिल्या, की नाव बुडवलंस. तिनंही त्या दिवशी भावाचं खरं मानलं होतं. पोराला म्हणाली होती, दूध पीत जा. हे आठवून तिला स्वतःचीच शिसारी आली.

नाथाजी भिंतीपासून सुटा झाला. “दादा,” तो म्हणाला, “माझा मेव्हना गेला त्या तेवीसात. तुमी त्याच्या दारात जाऊन म्हनलासा, पाटलाच्या घरातलं पोर जातंय, तुमचं बी द्या. त्यो एक हात तितंच ठिवून आला. कुठलं पोर जात हुतं पाटलाच्या घरातलं? ह्ये?” त्यानं कृष्णातकडं बोट केलं. “आकारामचं?”

“तू नगं शिकवू मला.”

“न्हाई शिकवत. इतकी वरसं हसत आलो, तेवढं बास झालं.”

मास्तरांना हे सगळं ऐकून अवघडल्यासारखं झालं होतं. ते खाकरले. “पाटील, मागचं तुमचं तुम्ही बघा. मला जन्माचा दाखला हवाय. गावचं जन्ममृत्यूचं रजिस्टर तुमच्याकडेच असतं. त्यातली नोंद उतरवून सही द्या, म्हणजे शाळा दुरुस्ती करून घेईल.”

हा खरा फास होता, आणि तो पाटलांच्या ध्यानात आला. दाखला द्यायचा म्हणजे स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं की मी खोटं सांगितलं होतं. तो कागद शाळेत जाणार, तिथून कचेरीत जाणार, आणि पोरं दिलेली ती तेवीस घरं गावातच होती.

“रजिस्टर न्हाई,” ते म्हणाले. “वाळवी लागली. गेलं सगळं.”

“एकही पान नाही?”

“भुगा झाला, मास्तर. शाळंत हाय त्येच खरं धरायचं.”

मास्तरांनी कागदाची घडी घातली. कृष्णातनं लिफाफ्यातून बाहेर पडलेलं माहितीपत्रक उचललं, त्यावर पडलेला चहाचा थेंब बाहीनं पुसला आणि ते नानासोच्या पेटीवर नीट ठेवून दिलं. जणू ते आता नानासोचंच होतं.

तेवढ्यात दार वाजलं. बनाबाई बाहेर आली होती. लग्न होऊन आल्यापासून थोरल्या दिरापुढं तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. आत्ताही पदर तोंडावरच होता, पण आवाज स्वच्छ होता.

“माझं पोर सोळा सरून सतरात हाय. मी जल्म दिलाय त्याला, मला ठावं हाय. भाकरी मी कुनाला बी थापून घालीन. त्यो न्हाई थापायचा.”

पाटील उठून बसले. “बाईमानसानं सांगितलेलं सरकारात चालत न्हाई. कागुद लागतुया, कागुद!”

“कागुद पायजे व्हय?” राहीबाई उठली. गुडघे कुरकुरले, पण आज तिला त्यांचं काही वाटलं नाही. ती आपल्या खोलीत गेली, वाकळांची चळत एका हातानं ढकलली आणि लुगड्याचं गाठोडं उचलून सोप्यात आणून मास्तरांच्या पायाशी आपटलं. गाठ सोडली. लाल कापडात बांधलेली रजिस्टरं एकावर एक घसरत बाहेर आली. धडधाकट.

“ह्यो बघा भुगा,” ती म्हणाली.

पाटील बायकोकडं बघायला लागले.

“पेटी रंगवाया तुमीच रिकामी करा म्हनलासा,” धोंडुबाई पुटपुटल्या.

“मास्तर, मला वाचता येत न्हाई. पर हळद कळती,” राहीबाई म्हणाली. “ज्या पानावर पिवळा आंगठा आसंल त्ये काढा.”

“पिवळा अंगठा?”

“कृष्णातच्या पाचवीला सटवीपुढं नशीब लिवाया कोरा कागुद आन् लेखनी ठिवायची हुती. घरात दुसरी लेखनी न्हवती, म्हून याच्या दप्तरातली घेतली. पाट्यावर हळदीत ठिवली ती तशीच ऱ्हायली. सकाळी याला घाई. तीच उचलली आन् रजिस्टर भरलं. पानावर आंगठा उठला, म्हून माझ्या अंगावर आलता. आठवतंय का, लाला?”

मास्तर एकेक वही चाळत गेले. तिसऱ्या वहीत त्यांचा हात थांबला. पानाच्या कडेला मळकट पिवळा ठसा होता. सतरा वर्षांत हळद विटली होती, पण रेघा ओळखू येत होत्या.

“सन एकोणतीस, डिसेंबर,” मास्तरांनी मोठ्यानं वाचलं. “पुत्र. बापाचं नाव आकाराम.” मग आणखी मागची पानं उलटली. “सन सत्तावीस, मे. पुत्र. बापाचं नाव लालासाहेब.” त्यांनी वही पाटलांपुढं फिरवली. “अक्षर तुमचंच आहे.”

अक्षर त्यांचंच होतं. खाली सहीसुद्धा लपेटदार होती.

“सटवीनं काय लिवलं त्ये कुनी बघितलं न्हाई, लाला,” राहीबाई म्हणाली. “तू काय लिवलंस त्ये ह्यो बघ, सगळ्यांनी बघितलं. आता उतरून दे. आन् त्या अर्जावर सही कर. न्हाई केलीस तर ही वही घिऊन मी आन् नाथाजी तेवीस घरं फिरून येतो. मला वाचता येत न्हाई, पर दाखवता येतंय. अकरा दीस तू बी न वाचताच दाखवत हुतास की.”

पाटलांनी नाथाजीकडं बघितलं. नाथाजी पायताण घालून तयार होता.

मग लालासाहेब पाटलांनी दौत मागितली. दाखला लिहिला. अर्जावर सही केली. रागानं नीब कागदात रुतत होतं. या वेळची सही मात्र लपेटदार आली नाही. मास्तरांनी कागद वाळवून पिशवीत ठेवले, आणि मॅट्रिकचा फॉर्मसुद्धा आत्ताच भरून घेऊ म्हणाले. त्यावरही सही झाली. बनाबाई तिथंच उभी होती. सगळे कागद पिशवीत जाईपर्यंत ती आत गेली नाही. कृष्णातनं पेटीवरचं माहितीपत्रक पुन्हा उचललं आणि या वेळी आईच्या हातात दिलं. तिनं ते उलटं धरलं होतं, पण घट्ट धरलं होतं. राहीबाईला एकदम रडू आलं. तिनं ते नाक ओढून परतवलं, कारण लालासाहेबांपुढं रडण्यापेक्षा मेलेलं बरं.

शिंपी इतका वेळ कोपऱ्यात बसून होता. आलेलं काम जातं की काय या काळजीनं त्यानं शेवटी तोंड उघडलं.

“मग पाटील, कोटाचं काय करू?”

पाटील भिंतीकडं बघत होते. सनदेच्या खिळ्याशिवाय तिथं काही नव्हतं. उत्तर राहीबाईनंच दिलं.

“शीव की. नानासोचाच शीव,” ती सूप मांडीवर घेत म्हणाली. “पर बाह्या चांगल्या लांब ठिव. शाळंत सोळाच लागलंय त्याला. मॅट्रिक हुईस्तवर लय वाढंल पोरगं.”